अंगण आधी, घरे मागाहून

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात बार्शी येथे केलेले भाषण)



निवृत्त शिक्षकास सभेत बोलावयास उभे करणे आणि वर विषयाचीही मोकळीक देणे हे मोठ्या धाडसाचे काम होय. कार्यवाहांनी ते केले, याबद्दल त्यांचे आभार. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच झाला. तेव्हा आम्ही अभ्यास, शिस्त आणि परीक्षा यांविषयी चार शब्द सांगू, अशी आपली अपेक्षा असेल. ते आम्ही बत्तीस वर्षे सांगितले. आज त्यास सुट्टी. मंडळाने गावाबाहेर घेतलेल्या दीड एकर जागेवर समाजबांधवांसाठी जी घरे व्हावयाची आहेत, त्यांच्या नकाशाविषयी आम्ही बोलणार आहोत. आणि त्यातही घरांविषयी नव्हे, तर घरांच्या मधल्या रिकाम्या जागेविषयी.

नकाशा आपण सर्वांनी पाहिला आहे. चार इमारती, अठ्ठेचाळीस बिऱ्हाडे, प्रत्येकास हवा-उजेड, मोटारसायकलींना छप्पर, दर्शनी बाजूस कमान. सर्व काही व्यवस्थित आहे. मुलांच्या खेळाची जागाही दाखविली आहे. ती वायव्येच्या कोपऱ्यात, शेवटच्या इमारतीच्या पाठीमागे, कुंपणाच्या भिंतीला लागून, सेप्टिक टाकी आणि विजेची डीपी यांच्या मध्ये सापडलेला एक त्रिकोण आहे. नकाशा काढणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. त्यांस आपण काय सांगितले? इतक्या खोल्या बसवा, इतक्या गाड्या बसवा. खोल्या बसल्या, गाड्या बसल्या, आणि उरला तो त्रिकोण मुलांच्या वाट्यास आला. आमचे म्हणणे एवढेच की, हा क्रम उलटा करावा. अंगण आधी आखावे आणि घरे त्याच्या भोवती बसवावीत.

अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांत मुले साठांहून कमी भरणार नाहीत. म्हणजे आमच्या वेळचे दीड वर्ग. हा दीड वर्ग शाळा सुटल्यावर, रविवारी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कोठे जाणार, याचा विचार ज्या नकाशात नाही तो नकाशा अपुरा आहे. आणि हा प्रश्न आपल्या एकट्या मंडळाचा नव्हे. आपल्याच जिल्ह्यात सोलापूरजवळ कुंभारी येथे रे नगर ही कामगारांची ३०,००० घरांची योजना उभी राहिली. तिच्यातील पहिली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांच्या हाती आली. घरटी एकच मूल धरले तरी तीस हजार मुले होतात! घरे आता अशी हजारांनी होत आहेत. अंगणे मात्र घरांबरोबर आपोआप होत नाहीत. ती कोणीतरी मागावी लागतात.

कायदा येथे आपल्या बाजूस आहे. डिसेंबर २०२० पासून राज्यात लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर वा त्याहून मोठ्या जागेत वसाहत करावयाची तर दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, आणि ती शक्यतो एकाच ठिकाणी असावी असे सांगितले आहे. आपल्या दीड एकरात हे दहा टक्के सहाशे चौरस मीटरच्या आसपास भरतात. चोवीस मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद असा चौक डोळ्यांपुढे आणा. लंगडी, लगोरी, आट्यापाट्या, सर्व काही त्यात होईल. तीच सहाशे मीटर जागा कोपऱ्यात निमुळती करून टाकली, तर तीत मुलांऐवजी गाजरगवत खेळेल.

‘अंगण’ हा शब्द आज साऱ्या देशाच्या तोंडी आहे, तो कसा, हे येथे सांगितले पाहिजे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना निघाली आणि तो शब्द देशभर गेला. ताराबाईंनी अंगण निर्माण केले नव्हते. ते झोपडीपुढे होतेच, शेणाने सारवलेले, पहाऱ्यास एखादी आजी बसलेली. त्यांनी फक्त ओळखले की मूल जेथे निर्धास्त असते तेथेच ते शिकते. आज आपल्या बोलण्यात अंगणवाडी राहिली आहे आणि घरापुढचे अंगण गेले आहे.

बार्शीतील जुन्या वाड्यांत राहिलेली मंडळी येथे पुष्कळ आहेत. वाड्याच्या चौकाचे मर्म काय होते? तो फार मोठा होता असे नाही. कित्येक चौक या मंडपाच्या निम्म्यानेही नव्हते. परंतु तो मध्ये होता. ओसरीवर धान्य निवडणारी बाई, माडीवरून वाळवण राखणारी सासू, देवडीत बसलेले आजोबा या सर्वांची दृष्टी न ठरविता, न नेमता चौकावर असे. मुलावर लक्ष ठेवण्यासाठी कोणास काम सोडून उठावे लागत नसे. कोपऱ्यातल्या त्रिकोणात हेच नाही. तेथे मूल पाठवावयाचे तर आईने स्वयंपाक टाकून सोबत गेले पाहिजे. ती जाऊ शकत नाही, म्हणून मूलही जात नाही, घरात बसते. आणि मग आपण मोबाइलच्या नावाने बोटे मोडतो. मोबाइल काही सज्जन नव्हे, हे आम्हांसही मान्य आहे. पण खाली जाण्याजोगे काही नसेल तर मुलाने हातात काय घ्यावे?

वाडा आता बांधता येणार नाही, हे खरे. परंतु वाड्याचे मर्म नव्या वसाहतीत आणता येते, आणि ते आणून दाखविणारा मनुष्य आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला. नव्या मुंबईत बेलापूर येथे सिडकोसाठी चार्ल्स कोरिया या वास्तुविशारदांनी १९८३ ते १९८६ या काळात एक वसाहत रचली. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. सात घरांच्या मध्ये एक लहान चौक, सुमारे आठ मीटर लांबीरुंदीचा. असे तीन समूह एकत्र आले की एकवीस घरे होतात. त्यांच्या मध्ये बारा मीटरांचा चौक. आणि असे तीन मोठे समूह जुळले की वीस मीटरांचे अंगण. रांगणारे मूल घराच्या उंबऱ्याबाहेरच्या चौकात, शाळकरी मूल त्याच्या पुढच्यात, आणि थोरले त्याच्याही पुढे. मूल वाढते तसे त्याचे जग एकेक चौकाने वाढत जाते. घरे तेथे बेताच्या उत्पन्नाच्या लोकांसाठी होती, आणि मजल्यावर मजला न चढविताही हेक्टरी पाचशे माणसांची वस्ती त्यांनी बसविली. पुढे अनेक मालकांनी मूळ घरे पाडून मोठी बांधली. पण चौकांची ती मांडणी अजूनही ओळखू येते. आपल्या जागेत तीन चौक होणार नाहीत. एक मोठा आणि प्रत्येक जिन्यापाशी एक लहान ओटा, इतके निश्चित होईल.

उंच इमारती बांधून जागा वाचवावी, असेही सुचविण्यात आले आहे. बांधाव्यात, पण तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आपले मूल ओळखू येते आणि हाक मारता येते, सातव्या मजल्यावरून नुसते काळे डोके दिसते. आणि काहीही झाले तरी स्वयंपाकघराच्या खिडक्या अंगणाकडे असाव्यात. सध्याच्या नकाशात त्या सर्व कुंपणाकडे आहेत आणि दिवाणखाने अंगणाकडे. दिवाणखान्यात संध्याकाळी पाच वाजता कोण असते?

मुंबईत वांद्र्याच्या पूर्वेस साहित्य सहवास नावाची वसाहत आहे. आपल्यासारख्याच समव्यवसायी लोकांनी, म्हणजे लेखकांनी, सहकारी तत्त्वावर उभी केलेली. कवी व प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांचे बिऱ्हाड तेथे होते आणि त्यांचा धाकटा मुलगा सचिन त्या वसाहतीच्या आवारात टेनिसच्या चेंडूने खेळत वाढला. शिवाजी पार्कवर आचरेकर सरांकडे तो गेला तो नंतर. आधी आवार होते. आपल्या अंगणातून सचिन निघावेत म्हणून आम्ही हे सांगत नाही. तशी आशा धरून मुलांच्या मागे लागणारे पालक आम्ही पाहिले आहेत आणि त्यांच्या मुलांची दयाही केली आहे. सांगावयाचे ते इतकेच की, त्या आवारात प्रशिक्षक नव्हता, शुल्क नव्हते, वेळापत्रक नव्हते. जिना उतरले की खेळ होता.

आता खेळण्याच्या साधनांविषयी. रंगीत प्लास्टिकची घसरगुंडी-झोपाळ्यांची जोडणी बसवावी, असा एक ठराव आहे. देणगीदाराचे नाव तीवर चांगले दिसते, हे आम्ही जाणतो. पण बार्शीच्या उन्हात तसले प्लास्टिक काही वर्षांत पांढरे पडते आणि तडकते, आणि पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेस तोंड करून बसविली तर वैशाखात तिच्यावर भाकरी भाजेल. बसवावयाचीच तर उत्तरेस तोंड करून, सावलीत, आणि एकच बसवावी. उरलेला पैसा वाळू, माती आणि झाडे यांवर खर्च करावा.

वाळू म्हणताच काहींस हसू येईल. आमच्या शाळेत एकदा इमारतीच्या दुरुस्तीसाठी वाळूचा ढीग पडला होता. मधल्या सुट्टीत घसरगुंडी ओस पडली. ढिगावर किल्ले, भुयारे, बाजार, श्रीभगवंताचे देऊळ, आणि त्या देवळापुढे एकादशीची गर्दी म्हणून खोचलेल्या काड्या! काम संपून वाळू गेली त्या दिवशी मुलांचे चेहरे उतरले होते. हीच गोष्ट डेन्मार्कमधील सोरेन्सन नावाच्या उद्यानरचनाकाराने ओळखली होती. मुलांना बांधलेल्या बागेपेक्षा बांधकामाचा पसारा आवडतो, हे पाहून त्याच्या कल्पनेप्रमाणे १९४३ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एम्ड्रुप येथे जुन्या फळ्या, विटा आणि मोडके सामान यांचे क्रीडांगण मुलांसाठी उघडण्यात आले. युद्ध संपल्यावर ॲमस्टरडॅम शहरात आल्डो व्हान आइक या वास्तुविशारदाने १९४७ पासून १९७८ पर्यंत सातशेहून अधिक लहान क्रीडांगणे रचली. दोन रस्त्यांमधला तुकडा, पडक्या घराची जागा, जे मिळेल ते त्याने घेतले. आणि तेथे ठेवले काय? वाळूचा हौद, काही गोल दगडी ठोकळे, चढावयास लोखंडी कमानी. ठोकळा हा घोडा आहे की दुकान की बेट, हे मुलांनी ठरवावयाचे. आपल्याकडे ठिकरीला तरी आणखी काय लागत होते? एक खापरी आणि कोळशाची रेघ.

वाळूचा हौद केला तर त्यावर रात्री झाकण हवे, नाहीतर मांजरे-कुत्री ती घाण करतात. वर्षातून एकदा ती बदलावी लागेल. याची जबाबदारी आताच कोणावर तरी टाकावी.

जमिनीचा विचार आपल्याकडे निराळा करावा लागतो. आपली ती काळी माती पावसाळ्यात पायांस मणभर चिकटते आणि उन्हाळ्यात तिला मुलाचा पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. म्हणून खालचा थर मुरमाचा करून दाबावा, पाण्यास उतार द्यावा. सर्वत्र पेव्हर ब्लॉक बसवून टाकण्याची सध्या जी रीत पडली आहे ती सोयीची असेल, पण मुलांच्या गुडघ्यांस विचारून पाहा. शिवाय ती फरशी दिवसभर तापते आणि रात्री आठपर्यंत निवत नाही. गाड्यांच्या रस्त्यावर ब्लॉक घालावेत, अंगणात नकोत.

झाडे मात्र आजच लावावीत. इमारतीस तीन वर्षे लागणार असतील तर झाडास तीन वर्षांची आघाडी मिळेल. अंगण कोठे ते आधी ठरले तरच झाड कोठे ते ठरते, म्हणूनही आम्ही घाई करीत आहोत. कडुनिंब, करंज, चिंच ही आपल्या हवेची झाडे. एकदा धरली की पाणी फार मागत नाहीत. दोन पेरू लावावेत, चढावयास शिकण्याकरिता पेरूसारखे झाड नाही. शेवग्याचा भरवसा नको. त्याची फांदी ठिसूळ. कण्हेर, पिवळी असो की तांबडी, मुलांच्या जागेत मुळीच लावू नये. तिचे सर्वांग विषारी आहे आणि कंत्राटी माळी ती हौसेने लावतात, कारण गुरे तिला तोंड लावत नाहीत. गुरांना जे कळते ते आपणांसही कळावे. न्हाणीघरांचे पाणी वेगळ्या नळीने झाडांकडे वळवावे. आणि त्या जागेवर जे जुने बोअर कोरडे पडले आहे, ते घरांचे काम निघण्यापूर्वी बुजवावे. उघड्या बोअरमध्ये मुले पडण्याचे प्रकार इतके झाले की २०१० साली सर्वोच्च न्यायालयास त्याबाबत नियम घालून द्यावे लागले.

एका गोष्टीकडे भगिनींचे विशेष लक्ष वेधतो. मोकळे मैदान म्हटले की त्यावर दहा-बारा मोठे मुलगे बॅट घेऊन येतात आणि मैदान संपते. लहान मुले कडेला होतात आणि मुली घरात जातात. नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत मुलांच्या बरोबरीने धावणारी मुलगी बाराव्या वर्षी दिसेनाशी होते, हे आम्ही शाळेत वर्षानुवर्षे पाहिले. तिला कोणी ‘जाऊ नको’ म्हटलेले नसते. तिच्यासाठी जागा उरलेली नसते, इतकेच. म्हणून अंगणाचा एक भाग झाडाखालच्या पारासाठी ठेवावा. तेथे सागरगोटे, काचापाणी चालेल, झिम्मा-फुगडी होईल, भाद्रपद सरल्यावर हादग्याचा फेर धरता येईल, आणि काही न करता मैत्रिणीशी बोलतही बसता येईल. नागपंचमीस दोर बांधता येईल अशी एक फांदी वाढवावी. दोर बांधण्याजोगी फांदी पैशाने मिळत नाही, ती दहा-बारा वर्षांनी मिळते.

वडीलधाऱ्या मंडळींची तक्रार आम्ही आताच ऐकून ठेवतो, कारण आम्हीही त्याच वयाचे आहोत. दुपारी झोप लागत नाही, काचा फुटतात, गलका होतो. तोडगा असा की, दुपारी एक ते चार अंगण शांत. इतर वेळी कोणी हरकत घेऊ नये. पण ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी लावू नये. कित्येक वसाहतींच्या हिरवळीवर ती पाटी आम्ही वाचली आहे, आणि तिच्या शेजारी मोटार उभी असलेली पाहिली आहे. गाडीस मनाई नाही, मुलास आहे! अंगणात गाडी शिरू नये म्हणून तोंडाशी दगडी खांब रोवावेत. नियमावर विसंबू नये. लग्नकार्याच्या निमित्ताने आलेली गाडी दुसऱ्या दिवशीही तेथेच असते. मुंबईत तर खेळाची जागा गाड्यांच्या मजल्याच्या छतावर ढकलण्याचा प्रघात पडला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये निर्णय दिला की नियमाने आवश्यक असलेली ती जागा जमिनीवरच, आभाळाखाली असली पाहिजे. छतावर द्यावयाची ती वरकड. मुलांच्या पायाखाली माती असावी, हे सांगावयास एवढ्या मोठ्या न्यायालयाची पायरी चढावी लागली.

आता थोडा अवघड मुद्दा. आपले मंडळ ज्ञातीचे, घरे ज्ञातिबांधवांची, पैसा ज्ञातीचा. तेव्हा अंगणात शेजारच्या वस्तीतील मुले आली तर काय करावयाचे, असा प्रश्न परवाच्या बैठकीत निघाला, आणि फाटकावर पहारेकरी ठेवावा असेही एका सद्‌गृहस्थांनी सुचविले. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. सुरक्षिततेची काळजी सर्वांनाच आहे. पण आट्यापाट्यांस दोन बाजूंस मिळून अठरा गडी लागतात, आणि ते मोजताना आजवर कोणत्याही मुलाने जात विचारल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आपल्या घरांच्या भिंती आपल्या. अंगण मात्र संध्याकाळी शेजारच्या मुलांनाही उघडे असावे, असा आमचा स्पष्ट आग्रह आहे. तो येथे बोलून दाखविल्याने काही मंडळी नाराज होतील. व्हावे लागेल.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली मुलांच्या हक्कांचा जो करार केला, त्यातील एकतिसाव्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क मानला आहे. १९९२ साली भारताने तो करार स्वीकारला. आपल्या सभेच्या इतिवृत्तात त्याचा उल्लेख व्हावा म्हणून हे सांगितले.

नगरपरिषदेकडे नकाशा दाखल व्हावयाचा आहे, त्यापूर्वी एक काम विनाखर्च करता येईल. येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता सर्व कुटुंबांनी त्या जागेवर यावे. तत्पूर्वी आम्ही चार तरुणांस घेऊन फक्कीने चारही इमारती जमिनीवर आखून ठेवू. एकदा सध्याच्या नकाशाप्रमाणे, आणि दुसऱ्या बाजूस अंगण मध्ये घेऊन. सूर्य कोठे आहे, सावली कोठे पडेल, हे तेव्हा दिसेलच. बायकांनी आपापल्या स्वयंपाकघराच्या रेघेत उभे राहून पाहावे. मुलांस काहीही सांगू नये; बरोबर चेंडू तेवढा आणावा. नकाशाकारांसही आम्ही निमंत्रण दिले आहे, आणि ते येतो म्हणाले आहेत.